जुन्या फोर बाय फोर पिकअपची ताकद आणि पकड: पैसे आधी कुठे घालायचे

जुनी फोर बाय फोर पिकअप हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला, टर्बो बसवला तर किती फरक पडेल. दुसरा, मोठं इंजिन बसेल का. टायरबद्दल विचारलंच तर "कुठले भारी दिसतील" एवढंच. आणि हीच गाडी पुढे कधीतरी चिखलात रुतते तेव्हा नीट बघा, इंजिन ओरडतंय, एक चाक जागेवर गरगर फिरतंय, चिखल मागे दहा फूट उडतोय, म्हणजे ताकद आहे की, भरपूर आहे, ती फक्त जमिनीत उतरत नाहीये. अशा गाडीला अजून वीस हॉर्सपॉवर दिले तर चाक आणखी जोरात फिरेल आणि खड्डा लवकर खोल होईल, बाकी काही नाही.

म्हणून सगळ्यात आधी आपली तक्रार नक्की कोणती ते ठरवा. चढाला गाडी ओढत नाही, माल भरला की सारखं खालच्या गिअरवर यावं लागतं, ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो, ही एक तक्रार. ओल्या मातीत, वाळूत, दगडधोंड्यात चाकं सुटतात ही वेगळी तक्रार. पहिलीचं उत्तर इंजिन आणि गिअरिंगमध्ये असतं, दुसरीचं टायर आणि डिफरन्शियलमध्ये (एका ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, पुढे नुसतं डिफ), आणि बहुतेक लोक दुसऱ्या तक्रारीवर पहिलीचा खर्च करून बसतात.

थोडा हिशोब करू, कठीण नाहीये. समजा जुनी डिझेल पिकअप आहे, वजन १८०० किलो, इंजिनचा टॉर्क १६० न्यूटन मीटर, म्हणजे आजच्या मानाने अगदीच किरकोळ. पहिला गिअर ४.०, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारा डबा) लो, म्हणजे हळू पण जास्त जोराचा गिअर २.२८, ॲक्सलचं रेशो ४.१०. हे तिन्ही आकडे गुणले की येतात ३७.४, याला क्रॉल रेशो म्हणतात. म्हणजे इंजिनचे १६० चाकापाशी पोचेपर्यंत जवळजवळ ६००० न्यूटन मीटर होतात. साधारण २९ इंची टायर धरला आणि वाटेत गिअर, बेअरिंग, तेल यांनी खाल्लेलं वजा केलं तरी गाडीला पुढे ढकलायला १४०० किलोच्या आसपास जोर मिळतो. आता जमीन किती झेलते ते बघा. ओल्या चिखलात घर्षणाचा आकडा ०.३ धरला तर चारही चाकं मिळून झेलणार १८०० गुणिले ०.३, म्हणजे ५४० किलो. म्हणजे तुमचं म्हातारं इंजिन फोर लो पहिल्या गिअरमध्ये चिखलाला पेलेल त्याच्या अडीचपट जोर आत्ताच देतंय! कोरड्या डांबरावर घर्षण ०.८ धरलं तर १४४० किलो, तिथे कुठे बरोबरी होते.

आता दुसरं चित्र. तीच गाडी माल भरून २५०० किलो, ६ टक्के चढ, ताशी ६० चा वेग. नुसतं वजन वर चढवायला साधारण २५ किलोवॅट लागतात, त्यात टायरचा आणि हवेचा विरोध मिळवला की ३४-३५ किलोवॅट, म्हणजे चाकापाशी ४६-४७ हॉर्सपॉवर. इंजिन नवीन असताना ७५ चं होतं, आता झिजून ६० चं राहिलंय, त्यातले पंधराएक टक्के वाटेत गेले, उरले ५१. जेमतेम. त्यात टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्के ताकद गमावतं, हवा विरळ होते म्हणून, तर घाटमाथ्यावर पोचेपर्यंत हातात काहीच उरत नाही. इथे खरोखर इंजिनचं काम लागतं. पण लगेच टर्बो नाही, आधी ते हरवलेले १५ हॉर्सपॉवर शोधा, ते फुकटात नाही तरी स्वस्तात मिळतात.

कुठे हरवतात? सगळ्यात गमतीची जागा म्हणजे ॲक्सिलेटरची केबल. एकाला सीटवर बसवून, इंजिन बंद ठेवून, पॅडल पूर्ण खाली दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून फ्युएल पंपावरचा किंवा कार्ब्युरेटरवरचा लिव्हर बघा, तो शेवटच्या स्टॉपला टेकतोय का. कित्येक जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते, पॅडलखाली जाड मॅट असते, आणि लिव्हर पाऊण वाटेवरच थांबतो. म्हणजे गाडीने कित्येक वर्षांत फुल ॲक्सिलेटर बघितलेलाच नसतो. मग एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, पंपाचं टायमिंग. डिझेलमध्ये नोझल काढून टेस्ट बेंचवर बघायचे, फवारा धुक्यासारखा बारीक यायला हवा, धार किंवा थेंब येत असतील तर डिझेल नीट जळत नाही, काळा धूर आणि ओढ कमी. पेट्रोलला प्लग, डिस्ट्रिब्युटर, इग्निशन टायमिंग. चाकं जड फिरतात का हेही बघा, पाचदहा किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवा, उतरा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, एकच चाक तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक पकडतोय किंवा बेअरिंग गेलंय, आणि तुम्ही इतके दिवस इंजिनला शिव्या देत होता.

हे सगळं झालं की कॉम्प्रेशन टेस्ट. ही टाळू नका. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचं काम आहे, आणि असल्या इंजिनवर टर्बो बसवणं म्हणजे राहिलेलं आयुष्यही संपवणं. इथे प्रामाणिक मेकॅनिक "आधी इंजिन बांधून घ्या" म्हणेल, त्याचं ऐका.

इंजिन ठीक असेल तर आता खाली या, जमिनीपाशी. टायर.

गाडीचा रस्त्याशी संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरता असतो, बाकी सगळं वर. त्यामुळे पकडीसाठी सगळ्यात जास्त फरक टायरने पडतो, दुसऱ्या नंबरवर कोणीच नाही इतका. आधी आहेत त्या टायरचं वय बघा. साइडवॉलवर चार आकडी कोड असतो, २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून जुने टायर चालवणारे खूप आहेत, पण रबर कडक झालं की ते ओल्या दगडावर साबणासारखं घसरतं, नक्षी कितीही खोल असो.

प्रकार कोणता घ्यायचा? हायवे टायर, ऑल टेरेन आणि मड टेरेन असे ढोबळ तीन. मड टेरेनचे ठोकळे मोठे आणि मधल्या फटी रुंद, त्यामुळे फिरताना चिखल झटकून टाकतात, ऑल टेरेनची नक्षी चिखलाने भरली की टायर गुळगुळीत होतो. पण मड टेरेन रस्त्यावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतात. माझं सरळ मत, गाडी महिन्यातून दोनदाच कच्च्यात जात असेल तर चांगला ऑल टेरेन घ्या आणि विषय संपवा. रुंदीबद्दल पण एक गैरसमज आहे की रुंद म्हणजे जास्त पकड. वाळूत आणि तळ नसलेल्या मऊ जमिनीत हो, तिथे तरंगायचं असतं. पण वर चिखल आणि खाली घट्ट तळ असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला पोचतो, तिथे उगाच रुंद टायर घालून चिखलावर स्केटिंग करण्यात अर्थ नाही.

आणि मग ती गोष्ट जिला पैसे पडत नाहीत, हवा कमी करणे. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय ठेवता ना, वाळूत १५ ते १८ वर आणा. टायर फुगून रुंद होतो असं वाटतं पण खरा फरक लांबीत पडतो, जमिनीला टेकलेला भाग पुढेमागे लांबतो, वजन पसरतं, रुतणं कमी होतं. दगडात पण कमी हवा चांगली, टायर दगडाला मिठी मारतो. याच्याही खाली गेलात तर टायर रिममधून निसटू शकतो, आणि कमी हवेवर वेग अजिबात नको, जोरात वळायचं नाही, रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. त्यामुळे गेज आणि छोटा कंप्रेसर गाडीत हवाच. टर्बोच्या चर्चेत महिने घालवणाऱ्या माणसाच्या गाडीत प्रेशर गेज नसतो, हे मात्र नेहमीचं दृश्य.

आता मोठ्या टायरचं प्रकरण, कारण इथेच लोक नकळत आपलीच ताकद कमी करून घेतात. जुन्या पिकअपला २३५/७५ आर १५ साइजचा टायर असेल तर त्याची उंची निघते २८.९ इंच. त्याजागी ३३ इंची बसवला. दिसायला झकास. पण टायर १४ टक्के मोठा झाला म्हणजे प्रत्येक गिअर १४ टक्के उंच झाला, सायकलवर चढ चढताना कोणीतरी मागची चकती लहान करून ठेवावी तसं. इंजिनवर लोड वाढला, क्लचवर वाढला, ब्रेकवर पण. स्पीडोमीटरचा काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ ने चालली असते. वर टायर जड, तो फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर. आणि मग माणूस म्हणतो इंजिनमध्ये दम नाही.

याचा इलाज म्हणजे ॲक्सलचं रेशो बदलणं, म्हणजे क्राऊन-पिनियन, डिफमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी. ४.१० ला १४ टक्के भरपाई केली की ४.६८ येतं, बाजारात तो आकडा मिळत नाही, जवळचे म्हणजे ४.५६ किंवा ४.८८. माल वाहत असाल, चढ जास्त असतील तर ४.८८ घ्या, सपाट हायवेवर जास्त चालत असेल तर ४.५६. लहान इंजिनाच्या गाडीत शंका असेल तेव्हा मी तरी खालचं गिअरिंग देणारा, म्हणजे मोठा आकडा घेईन, कारण टॉप गिअरमध्ये दोनशे आरपीएम जास्त ऐकू आले तर चालतात, चढाला सारखा क्लच दाबणं चालत नाही. ५.२९ पर्यंतही मिळतात काही ॲक्सलना, पण आकडा जसा मोठा तसा पिनियन लहान होत जातो आणि दातांची ताकद कमी होते, हे लक्षात ठेवा.

इथे एक नियम दगडावरची रेघ आहे, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं रेशो सारखंच हवं. जुन्या पिकअपमध्ये बहुतेक पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्ह असतो, म्हणजे फोरमध्ये टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते, मध्ये डिफरन्शियल नसतं. रेशो वेगळं असेल तर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि सगळ्यात कमजोर काय असेल ते तुटतं. याच कारणाने कोरड्या डांबरावर फोरमध्ये वळू नये, वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा गोल घेतात, त्यांना जास्त फिरायचं असतं, फिरायला मिळत नाही, शाफ्टमध्ये पीळ भरतो, मग लिव्हर टू व्हीलमध्ये येतच नाही आणि लोक हातोडी शोधतात. (रिव्हर्समध्ये सरळ थोडं मागे घ्या, पीळ सुटतो.) चारही टायर एका साइजचे आणि सारखे झिजलेले असावेत ते पण याचसाठी.

क्राऊन-पिनियन बसवणं हे नुसतं नटबोल्टचं काम नाही. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड, दातांमधली फट, ही फट मिलिमीटरच्या दशांशात असते, आणि दातांना रंग लावून फिरवून छाप कुठे पडतो ते बघावं लागतं, छाप दाताच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा बुडाला गेला तर डिफ काही हजार किलोमीटरमध्ये रडायला लागतं. कारागीर निवडताना त्याला विचारा छाप दाखवशील का, तो गोंधळला तर गाडी परत घेऊन या. नवीन सेटवर सुरुवातीचे सातआठशे किलोमीटर माल भरायचा नाही, मग तेल बदलायचं.

ज्यांना रस्त्यावरचं गिअरिंग ठीक वाटतंय आणि फक्त दगडात, उतारावर अजून हळू चालायचंय, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, ट्रान्सफर केसचा लो बदलणं. टोयोटाच्या जुन्या गिअरवाल्या ट्रान्सफर केसला २.२८ ऐवजी ४.७ चा लो सेट मिळतो. मग क्रॉल रेशो ३७ वरून ७७ वर जातं, आणि ८०० आरपीएमवर गाडी ताशी दीड किलोमीटरने, म्हणजे माणूस चालतो त्याच्यापेक्षा हळू सरकते. हाय रेंजला, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या गिअरिंगला, धक्का लागत नाही. फक्त एवढा टॉर्क आला की ॲक्सल शाफ्ट आणि शाफ्टचे क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) आता कमजोर कडी होतात, पाय हलका ठेवायचा.

आता डिफरन्शियल, ज्यावाचून फोर बाय फोरची अर्धी गंमत समजतच नाही. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, ते जमावं म्हणून डिफ असतं. साध्या, म्हणजे ओपन डिफचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच टॉर्क देतं. सारखाच. लोक म्हणतात "सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते", ते तसं नाहीये. एक चाक हवेत लटकलंय, त्याला फिरवायला समजा ५० न्यूटन मीटर पुरतात, तर त्याच्यापेक्षा जास्त टॉर्क तिथे तयारच होऊ शकत नाही, आणि घट्ट जमिनीवरच्या चाकाला पण तेवढेच ५० मिळतात, ज्यात गाडी हलत नाही. म्हणजे ज्याची पकड सगळ्यात कमी तोच सगळ्यांचा वाटा ठरवतो. फोरमध्ये टाकलं तरी दोन्ही ॲक्सलवर हेच, म्हणून आडव्यातिडव्या खड्ड्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं की फोर बाय फोर गाडी आरामात अडकते आणि मालकाला पटत नाही.

यावर फुकटची युक्ती, ब्रेक. फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध केला की टॉर्क तयार व्हायला जागा मिळते, तेवढाच दुसऱ्यालाही जातो. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ॲक्सिलेटर द्या, किंवा मागच्या चाकांसाठी हँडब्रेक एकदोन खाचा ओढा. नवीन गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल ह्याच तत्त्वावर, फक्त एकेका चाकाचा ब्रेक वेगळा दाबून काम करते.

कायमचा इलाज म्हणजे लिमिटेड स्लिप किंवा लॉकर. लिमिटेड स्लिपमध्ये क्लच प्लेटा असतात, दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू देत नाहीत, रस्त्यावर कळतही नाही, पण प्लेटा झिजतात आणि तेल त्याच्यासाठीचं खास घालावं लागतं. टॉर्सनसारखे गिअरवाले प्रकार झिजत नाहीत, पण चाक पूर्ण हवेत गेलं की बऱ्यापैकी हतबल होतात, तिथे परत ब्रेकची युक्ती. लॉकर म्हणजे दोन्ही चाकं सरळ बांधून टाकणं, एक हवेत असलं तरी दुसरं फिरणारच. डेट्रॉइट लॉकर आपोआप चालतो, जोर दिला की लॉक, वळताना सैल, पण वळणावर टकटक आवाज आणि ओल्या रस्त्यावर मधूनच शेपटी हलवणं हा त्याचा स्वभाव. ईटनचा मेकॅनिकल लॉकर चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएम फरक पडला की स्वतः लॉक होतो. एआरबीचा एअर लॉकर कंप्रेसरच्या हवेवर, बटण दाबलं की लॉक, सोडलं की साधं डिफ, त्यामुळे रोजच्या गाडीला सगळ्यात सोयीचा आणि अर्थात महाग, वर हवेची नळी कुठे घासणार नाही याची काळजी.

एकच लॉकर परवडत असेल तर मागे बसवा. चढावर वजन मागे जातं, जिथे वजन तिथे पकड, आणि मागचा ॲक्सल जाडजूड असतो. पुढे लॉकर टाकला की लॉक असताना स्टिअरिंग जड होतं, आणि चाक पूर्ण वळवून जोर दिला तर सीव्ही जॉईंट (वळणाऱ्या चाकापर्यंत जोर नेणारा सांधा) नाहीतर क्रॉस तुटतो. टोयोटाच्या पहिल्या फोर बाय फोर हायलक्स पिकअपला १९७९ साली पुढे सॉलिड ॲक्सल होता, अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र झालं, रस्त्यावर आराम आला पण लिफ्ट केल्यावर, म्हणजे गाडी उंच केल्यावर, सीव्ही जॉईंटचा कोन वाढून ते लवकर जायला लागले. तुमच्या गाडीत पुढे काय आहे ते बघूनच लॉकर आणि लिफ्ट दोन्हीचा विचार करा. आणि जुन्या गाडीत पुढच्या हबचं, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागाचं, काय चाललंय तेही तपासा, ऑटो हब जुने झाले की फोरमध्ये टाकूनही गुंतत नाहीत, डॅशवरचा दिवा लागतो आणि पुढची चाकं मोकळीच फिरतात. हाताने फिरवायचे मॅन्युअल हब बसवून टाकले की कटकट संपते.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात. पकडीसाठी चाक जमिनीला टेकलेलं राहायला हवं, म्हणून मऊ आणि लांब हालचाल करणारं सस्पेन्शन लागतं, आणि लोक नेमकं उलटं करतात, पाटे वाढवून वाढवून मागचा भाग दगड करतात. रिकामी पिकअप तशीही मागे हलकी, वजन पुढे जास्त, त्यात कडक पाटे, मग रिकामी असताना मागची चाकं नाचतात. माल क्वचितच नेत असाल तर कंपनीच्या नंबरचे चांगले पाटे, नवे बुश आणि बरे शॉक ॲबसॉर्बर पुरे. बसलेले पाटे बदलले तरी गाडी इंचभर उठते, लिफ्ट किट न घेता. जोर वाढवलात तर एक गोष्ट मात्र डोळ्याने बघा, कोणाला तरी फोर लोमध्ये चढावर गाडी हळूच उचलायला सांगा आणि सुरक्षित अंतरावर बाजूला उभं राहून मागच्या पाट्यांकडे बघा, टॉर्क आला की ॲक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो, मग सुटतो, परत वाकतो, चाक उड्या मारतं. याच उड्यांमध्ये शाफ्टचा क्रॉस तुटतो. ॲक्सलपासून चासीपर्यंत ट्रॅक्शन बार लावला की हे थांबतं.

आता इंजिन, ज्याच्यासाठी बरेच जण इथपर्यंत वाचत आले असतील.

पेट्रोल असेल तर अपेक्षा कमी ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनात फिल्टर, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), एक्झॉस्ट यांनी मिळणारी वाढ थोडकी असते, आवाज मात्र भरपूर मिळतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) बदलणार असाल तर रेसवाला नको, तो टॉर्क वरच्या आरपीएमला ढकलतो, पिकअपला तो खाली, दीड-दोन हजारावर हवा.

डिझेलमध्ये हिशोब साधा आहे, जास्त हवा, त्या हवेच्या मापात जास्त डिझेल, आणि तयार होणारी उष्णता बाहेर काढायची सोय. नुसता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर थोडी ओढ येते पण हवा तेवढीच असते, काळा धूर म्हणजे न जळलेले पैसे आणि एक्झॉस्टचं वाढलेलं तापमान. टर्बो हवा वाढवतो. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर ७ पीएसआय बूस्ट दिला की दाब दीडपट, पण दाबली की हवा तापते, तापली की विरळ होते, म्हणून प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही, इंटरकूलर ती थंड करून बराचसा तोटा भरून काढतो. जुन्या, मुळात टर्बो नसलेल्या डिझेलांचं कॉम्प्रेशन २१-२२ ला १ इतकं असतं, त्यांच्यावर ६ ते ८ पीएसआयच्या पुढे जायचा मोह टाळा, हेड गॅस्केट आणि पिस्टन त्या हिशोबाने बनवलेले नसतात. टर्बोला जाणारं तेल दाबाने जातं पण परत येताना फक्त उताराने येतं, म्हणून परतीची नळी जाड, सरळ खाली, आणि संपमधल्या (इंजिनखालची तेलाची टाकी) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी, नाहीतर तेल टर्बोत तुंबतं आणि सील सोडून एक्झॉस्टमध्ये उतरतं, निळा धूर.

आणि पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा गेज, त्याशिवाय हे काम करूच नका. सेन्सर टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये बसवायचा, लांब चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या वर सतत राहू द्यायचं नाही. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो वाचतो कारण प्रत्येक फेरीत थंड हवा आणि तेल त्याला गार करतात, ती सवड कमी झाली की पिस्टनच्या कडा जातात. काटा वर जायला लागला की गिअर खाली घ्या, पाय उचला, आरपीएम वाढले की हवा वाढते आणि तापमान उतरतं.

ताकद वाढली की पुढचा नंबर क्लचचा. टॉप गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास पूर्ण ॲक्सिलेटर द्या, आरपीएम वर पळाले आणि वेग तिथेच राहिला तर क्लच सुटतोय. उदाहरणार्थ १९८९ च्या डॉज रॅम या अमेरिकन पिकअपमध्ये आलेलं कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल मूळचं १६० हॉर्सपॉवरचं, पण १९९४ ते ९८ च्या गाड्यांत जो मेकॅनिकल पी ७१०० डिझेल पंप होता त्यात एक प्लेट बदलली की ताकद भरमसाट वाढते, इंजिन ते आरामात सहन करतं, आणि मागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हात वर करतो. जुन्या रेडिएटरचंही तसंच, नेहमीच्या वापरात काटा मध्यावर असतो, पण आत निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, जादा उष्णता आली की पहिल्याच घाटात उघडं पडतं. टर्बोच्या आधी रेडिएटर उघडून साफ करून घ्या, फॅनचा व्हिस्कस क्लच आणि थर्मोस्टॅट तपासा.

ब्रेकचं काम सगळ्यात शेवटी लिहितोय पण करताना टायरबरोबरच करायचं. मोठा टायर म्हणजे ब्रेकला लांब दांडा, जड चाक आणि आता जास्त वेग, आणि थांबवायला तीच जुनी ड्रम-डिस्क. रबरी नळ्या वीस वर्षांच्या असतील तर बाहेरून ठीक दिसूनही आतून फुगलेल्या असतात. इंजिन चालू ठेवून एकाला पॅडल जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही प्रत्येक नळीवर बोटं ठेवा, फुगल्यासारखी लागली किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर सगळ्याच बदला, फ्लुइड सगळं काढून नवं भरा, मगच ते ३३ इंची टायर गाडीला चढवा.